आधी मालक शोध, मग व्हेरिएबल
(नव्याने ॲप लिहू लागलेल्या भाचीला मामाचे कानमंत्र)

‘मामा, एका क्लासातलं व्हेरिएबल दुसऱ्या क्लासात कसं वाचायचं?’ हा तुझा प्रश्न. स्विफ्ट शिकून कामाला लागलेलं प्रत्येक पोर पहिल्या काही आठवड्यांत हेच विचारतं, मग ते ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये बसत असो, गाडी बदलून ऐरोलीला जात असो, नाहीतर कल्याणला घरच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बाहेरची कामं करत असो. मला एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण प्रश्न अर्धाच विचारला जातो. राहिलेला अर्धा असा: ते व्हेरिएबल नेमक्या कुठल्या ऑब्जेक्टचं, आणि त्या ऑब्जेक्टचा मालक कोण? हे ठरलं की वाट सरळ असते. हे ठरवलं नाहीस तर दहा वाटा सापडतील आणि दहाही थोड्या थोड्या चुकीच्या निघतील.

घोळ नको म्हणून उदाहरण एकच धरू. आपल्या डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. तशा एका केंद्राचं ॲप तू करते आहेस असं समज. पहिला स्क्रीन मेनूचा: पोळ्या, दोन भाज्या, वरण-भात, चतुर्थीला मोदक. दुसरा टोपलीचा: काय घेतलं, किती पैसे झाले. तिसरा पत्त्याचा: पूर्व की पश्चिम, सोसायटी कुठली, कितवा मजला. मेनूवर पोळ्यांचा आकडा वाढवला की तो टोपलीच्या स्क्रीनवर दिसायला हवा. तुझं अडलंय ते एवढ्यावरच.

नावं मी देवनागरीत लिहितोय. स्विफ्टला ती चालतात. भाषेचे स्वतःचे शब्द आणि आकडे मात्र रोमन लिपीतच टाइप करायचे. ऑफिसात सगळी नावं इंग्रजीतच ठेव, नाहीतर तुझा कोड तपासणारा दुसऱ्या राज्यातला माणूस पहिल्याच ओळीला अडेल.

१. क्लास म्हणजे ऑब्जेक्ट नव्हे

नव्वद टक्के गोंधळ इथे आहे, म्हणून इथे सावकाश वाच. टोपलीच्या स्क्रीनमध्ये मेनूवरचा आकडा हवा असतो, आणि नवखं पोर लिहितं:

लेट मेनू = मेनूस्क्रीन()
प्रिंट(मेनू.पोळ्या)

कंपायलर हूं की चूं करत नाही. ॲप चालतं आणि आकडा येतो शून्य. मग पोर म्हणतं, ‘मी मेनूवर सहा पोळ्या टाकल्या, गेल्या कुठे?’ कुठे गेल्या नाहीत, त्या जागच्या जागी आहेत. तू विचारलंस ते भलत्यालाच. क्लासच्या नावापुढे उघडता-बंद कंस आला की इनिट चालतो आणि त्या घटकेला नवा कोरा ऑब्जेक्ट जन्माला येतो. ग्राहकाच्या बोटाखाली असलेला मेनूचा स्क्रीन वेगळा, आणि तू आत्ता बनवलेला, कधीच पडद्यावर न येणारा मेनूस्क्रीन वेगळा. त्याच्या पोळ्या शून्यच असणार.

संध्याकाळच्या डोंबिवली लोकलच्या रॅकवर तुझी छत्री राहिली. मागून दुसरी डोंबिवली लोकल आली. बनावट तीच, थांबे तेच, इंडिकेटरवरचं नावही तेच. तिच्यात चढून रॅक धुंडाळलास तर छत्री मिळेल का? छत्री ‘डोंबिवली लोकल’ या नावात नसते. ती त्या एका गाडीत असते, आणि ती गाडी केव्हाच यार्डात गेलेली असते.

म्हणून आकडा शून्य आला, यादी रिकामी आली, की आधी तपास कर: दोन्हीकडे ऑब्जेक्ट एकच आहे का? स्विफ्टमध्ये त्यासाठी तीन बरोबरचं चिन्ह आहे, ===. दोन बरोबर म्हणजे किंमत सारखी. तीन बरोबर म्हणजे ऑब्जेक्ट तोच. दोन्ही ऑब्जेक्ट एका जागी हाताशी नसतील, तर दोन्ही ठिकाणी ऑब्जेक्टआयडेंटिफायर छापून बघ. ओळख वेगळी निघाली की बाकी काही शोधू नकोस. कुठेतरी एक जोडी कंस जास्तीची लागली आहे, ती शोध.

२. जो जास्त जगतो तो मालक

आता मालक ठरव. सहा पोळ्यांचा आकडा मेनूच्या स्क्रीनमध्ये ठेवावा का? मेनूचा स्क्रीन बंद झाला, ग्राहक टोपली पाहून पत्त्यावर गेला, तरी आकडा टिकायला हवा. म्हणजे मेनूचा स्क्रीन त्याचा मालक नाही, फक्त वापरणारा आहे. तेव्हा आकड्याला स्वतःचं घर दे:

क्लास टोपली {
  व्हार पोळ्या = ०
  व्हार भाज्या = ०
}

आणि ही टोपली एकदाच, एकाच ठिकाणी बनव. कुठे? तिन्ही स्क्रीन जिथून उघडले जातात तिथे. काही जण त्या जागी वेगळा कोऑर्डिनेटर ठेवतात; लहान ॲप असेल तर आयओएस १३पासून आलेल्या सीनडेलिगेटमध्येही चालतं. नियम एवढाच: जी वस्तू जितका वेळ जगायला हवी, निदान तितका वेळ जगणारा तिचा मालक. स्क्रीन येतात-जातात, त्यांना दुसऱ्यांच्या उपयोगाच्या वस्तूंचं मालक करू नकोस.

हे एकदा केलंस की तुझा मूळ प्रश्नच बदलतो. ‘मेनूच्या क्लासातलं व्हेरिएबल टोपलीच्या क्लासात कसं आणू?’ हे विचारावंच लागत नाही. दोन्ही स्क्रीनना तीच टोपली मिळाली की काम झालं.

३. पुढच्या स्क्रीनला हातात दे, शोधायला लावू नकोस

टोपली द्यायची ती इनिटमधून. टोपलीस्क्रीनमध्ये ‘लेट टोपली: टोपली’ लिहायचं आणि इनिटने ती मागून घ्यायची. मग टोपलीशिवाय तो स्क्रीन बनवायला कंपायलर परवानगीच देत नाही. ‘विसरले’ ही शक्यता राहत नाही, ऑप्शनल नाही, उद्गारचिन्ह मारून उघडणं नाही. स्क्रीन जर यूआयव्ह्यूकंट्रोलरचा वारस असेल तर कोडरवाला इनिटही लिहावा लागतो; तो एक्सकोडच्या लाल ठिपक्यावर टिचकी मारलीस की आयता मिळतो.

जुन्या प्रोजेक्टात स्टोरीबोर्ड असतात. ते २०११ साली आयओएस ५बरोबर आले आणि अजून पुष्कळ ऑफिसांत मुक्काम ठोकून आहेत. तिथे स्क्रीन तू बनवत नाहीस, सिस्टीम बनवते. म्हणून प्रिपेअर-फॉर-सेग्वेमध्ये डेस्टिनेशन घ्यायचं, त्याला खऱ्या प्रकारात कास्ट करायचं आणि टोपली त्याच्या हातात द्यायची. आयओएस १३पासून आयबीसेग्वेॲक्शन आहे. त्याने स्टोरीबोर्डमधल्या स्क्रीनलाही स्वतःच्या इनिटमधून माल देता येतो. नवीन लिहीत असशील तर तेच वापर.

इथला एक खड्डा लक्षात ठेव. प्रिपेअरमध्ये उभं राहून पुढच्या स्क्रीनच्या लेबलला हात लावू नकोस. त्या क्षणी स्क्रीनचा ऑब्जेक्ट असतो, पण त्याचा व्ह्यू अजून लोड झालेला नसतो, त्यामुळे आउटलेट निल असतो आणि ॲप जागेवर कोसळतं. कन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेडली फाउंड निल’ असं वाक्य येतं. ते दिसलं आणि ओळीत दुसऱ्या स्क्रीनचा आउटलेट असला, तर रोग हाच. माहिती द्यायची साध्या प्रॉपर्टीत. लेबलात ती भरायची त्या स्क्रीनने, आपल्या व्ह्यूडिडलोडमध्ये. दुसऱ्याच्या लेबलांशी आपलं काही देणंघेणं नाही. म्हणून आउटलेट प्रायव्हेट ठेवायची सवय लाव, मग हा खड्डा आपोआप बुजतो.

४. मागे जाताना निरोप पाठव

पत्त्याच्या स्क्रीनवर ग्राहकाने ‘डोंबिवली पश्चिम’ निवडलं आणि स्क्रीन बंद झाला. आता ही निवड मागच्या स्क्रीनला कळवायची आहे. नवखं पोर पत्त्याच्या स्क्रीनमध्ये मागच्या स्क्रीनचा रेफरन्स ठेवतं आणि तिथून त्याची व्हेरिएबलं बदलतं. चालतं, पण पत्त्याचा स्क्रीन त्या एकाच स्क्रीनला बांधला जातो. उद्या प्रोफाइलमधूनही पत्ता बदलायचा म्हटलं की सगळं पुन्हा लिहा.

त्याऐवजी डेलिगेट. एक लहान प्रोटोकॉल लिही, त्यात एकच काम: ‘पत्ता निवडला, हा घ्या’. ज्याला ऐकायचं तो प्रोटोकॉल पाळतो, पत्त्याचा स्क्रीन फक्त निरोप देतो. कोण ऐकतंय हे त्याने जाणून घेऊ नये. ॲपलचा टेबलव्ह्यूही असाच चालतो. ओळीवर बोट पडलं की तो डेलिगेटला सांगतो आणि मोकळा होतो. निरोप एकच असेल तर प्रोटोकॉलचं लटांबर नको, क्लोजर पुरे. निरोप तीन-चार असतील तर प्रोटोकॉल बरा.

डेलिगेट नेहमी ‘वीक व्हार’ लिहायचा, आणि त्यासाठी प्रोटोकॉलपुढे ‘एनीऑब्जेक्ट’ लावायचं. कारण समजून घे, पाठ करू नकोस. स्विफ्टमध्ये मेमरीचा हिशेब एआरसी ठेवतो: ऑब्जेक्टला किती जणांनी घट्ट धरलंय ते मोजतो, आकडा शून्य झाला की ऑब्जेक्ट सोडतो. मागच्याने पुढच्याला घट्ट धरलं आणि पुढच्यानेही मागच्याला, तर दोघांचा आकडा कधीच शून्य होत नाही. दोघे मेमरीत अडकून राहतात. क्लोजर साठवून ठेवत असशील तर तिथेही हेच होतं, म्हणून त्याच्या सुरुवातीला चौकटी कंसात ‘वीक सेल्फ’ लिहितात.

तपासायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक स्क्रीनच्या डिइनिटमध्ये एक प्रिंट टाक. स्क्रीन बंद केलास आणि ती ओळ छापून आली नाही, तर कुणीतरी त्याला धरून ठेवलंय. कोडमध्ये बाण काढून शोध: कोण कोणाला धरतंय. दोन घट्ट बाण समोरासमोर आले की त्यातला एक वीक कर. कोणता? मालकाकडून निघणारा बाण घट्ट राहतो, मालकाकडे जाणारा वीक होतो.

५. स्ट्रक्ट असेल तर नक्कल मिळते

कधी कधी सगळं बरोबर असतं, टोपली हातात दिलेली असते, कंस जास्तीचे नसतात, तरी एकीकडचा बदल दुसरीकडे दिसत नाही. तेव्हा व्याख्या बघ. ‘क्लास टोपली’ आहे की ‘स्ट्रक्ट टोपली’? क्लास दिला की तीच वस्तू जाते. स्ट्रक्ट दिला की त्याची नक्कल जाते आणि त्यानंतर दोघांचे संसार वेगळे. स्विफ्टमध्ये ॲरे, डिक्शनरी, स्ट्रिंग हे सगळे स्ट्रक्ट आहेत. म्हणून भाज्यांची यादी दुसऱ्या स्क्रीनला देऊन तिथे तिच्यात भर घातलीस, तरी मूळ यादी जशीच्या तशी राहते. जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सीतून आलेली माणसंही इथे गडबडतात, कारण तिथली बदलती यादी रेफरन्सने जायची.

हा स्ट्रक्टचा दोष नाही, गुणच आहे. माझ्या हातातली यादी तिसऱ्या कोणी परस्पर बदलणार नाही याची ती हमी आहे. ठरवायचं असं: सगळ्यांनी मिळून एकच बघायची, बदलायची वस्तू असेल तर क्लास, नुसती माहिती असेल, एक पत्ता, एक पदार्थ, एक पावती, तर स्ट्रक्ट.

६. दार हवं तेवढंच उघड

जून २०१४मध्ये ॲपलने स्विफ्ट जाहीर केली तेव्हा तिच्यात प्रायव्हेट-पब्लिक असं काही नव्हतंच. पुढच्याच महिन्यातल्या बीटामध्ये ते आलं. मग २०१६ला स्विफ्ट ३मध्ये फाइलप्रायव्हेट आणि ओपन आले, २०१७ला स्विफ्ट ४ने प्रायव्हेटला त्याच फाइलमधल्या एक्स्टेन्शनपर्यंत जायची मुभा दिली, २०२३ला स्विफ्ट ५.९मध्ये पॅकेज ही पातळी आली. एवढे बदल झाले म्हणजे हा विषय करणाऱ्यांनाही सोपा गेला नाही, हे ध्यानात घे आणि घाबरू नकोस.

आजची उतरंड अशी. प्रायव्हेट: त्या प्रकाराच्या आत आणि त्याच फाइलमधल्या त्याच्या एक्स्टेन्शनात. फाइलप्रायव्हेट: त्या फाइलीत. इंटर्नल: त्या संपूर्ण मॉड्यूलमध्ये, काहीच लिहिलं नाहीस तर हेच मिळतं. पॅकेज: एका पॅकेजमधल्या मॉड्यूलना. पब्लिक: बाहेरही वापरता येतं. ओपन: बाहेरून त्याचा वारसही काढता येतो.

कंपायलर म्हणाला की प्रायव्हेट असल्यामुळे पोचता येत नाही, तर ‘प्रायव्हेट’ शब्द खोडून मोकळी होऊ नकोस. तो शब्द कुणीतरी विचार करून लिहिलेला असतो. आधी विचार, मला वाचायचं आहे की बदलायचं आहे? वाचायचंच असेल तर ‘प्रायव्हेट(सेट) व्हार पोळ्या’ लिही. वाचायला सगळ्यांना दार उघडं, बदलायला फक्त टोपलीला. बदलायचं असेल तर टोपलीलाच एक फंक्शन दे, ‘पोळ्या वाढव’, आणि नियम तिथे ठेव: आकडा शून्याखाली जाणार नाही, केंद्र बंद असेल तर वाढणार नाही. तीन स्क्रीनमध्ये तीनदा तपासण्यापेक्षा एका जागी तपासलेलं बरं.

दुसऱ्या मॉड्यूलमधला क्लास असेल तर आणखी एक अडचण येते. क्लास पब्लिक केला म्हणून त्यातली व्हेरिएबलं पब्लिक होत नाहीत. ती इंटर्नलच राहतात, प्रत्येकापुढे वेगळं लिहावं लागतं. पब्लिक स्ट्रक्टचा आयता मिळणारा इनिटही बाहेर दिसत नाही. टेस्टसाठी मात्र काही उघडायची गरज नाही. टेस्टेबल इम्पोर्ट केलं की इंटर्नल सगळं दिसतं. प्रायव्हेट तरीही दिसत नाही, आणि दिसू नये.

७. ‘शेअर्ड’ शेवटी आठव

स्टॅटिक व्हेरिएबल ऑब्जेक्टचं नसतं, प्रकाराचं असतं. म्हणून ते क्लासचं नाव घेऊन कुठूनही मिळतं. इथून सिंगलटनचा मोह सुरू होतो: ‘स्टॅटिक लेट शेअर्ड = टोपली()’, आणि मग ॲपभर ‘टोपली.शेअर्ड.पोळ्या’. हातात देणं नाही, डेलिगेट नाही. यूट्यूबवरचा प्रत्येक दुसरा गुरू हेच शिकवतो, कारण चालून लगेच दिसतं.

ॲपल स्वतः हे वापरतं: यूआरएलसेशनचं शेअर्ड, यूजरडिफॉल्ट्सचं स्टँडर्ड, फाइलमॅनेजरचं डिफॉल्ट. स्टॅटिक लेट पहिल्यांदा मागितल्यावरच बनतं आणि एकदाच बनतं, दोन थ्रेडने एकदम मागितलं तरी. म्हणजे तंत्रात खोट नाही. विचारायचं ते हे, की ही वस्तू खरोखर जन्मभर एकच असणार आहे का? टोपली नसते. ग्राहक लॉगआउट करतो तेव्हा ती रिकामी करायला कुणाच्या लक्षात राहत नाही आणि पुढच्या ग्राहकाला मागच्याच्या पोळ्या दिसतात. केंद्राने कल्याणला दुसरी शाखा काढली की दोन टोपल्या लागतात आणि ‘शेअर्ड’ एकच. टेस्ट लिहायला बसलीस की पहिल्या टेस्टचा कचरा दुसरीत सापडतो. आणि आकडा चुकला तर तो ॲपमधल्या कुठल्या ओळीने चुकवला हे शोधायला सगळं ॲप पालथं घालावं लागतं.

सप्टेंबर २०२४मध्ये आलेल्या स्विफ्ट ६ने यात आणखी एक अडसर घातला. तिच्या कडक मोडमध्ये नुसतं ‘स्टॅटिक व्हार’ लिहिलंस की कंपायलर एरर देतो, कारण दोन थ्रेड एकाच वेळी त्याला हात लावू शकतात. तेव्हा क्लासला मेनॲक्टर लाव, किंवा वस्तू २०२१च्या स्विफ्ट ५.५मध्ये आलेला ॲक्टर कर. मग त्याची बदलती व्हेरिएबलं बाहेरून वाचताना अवेट लिहावं लागेल. ‘नॉनआयसोलेटेड(अनसेफ)’ लावून एरर गप्प करणं हा उपाय नव्हे.

ॲपडेलिगेटमध्ये व्हेरिएबलं कोंबणं आणि दोन स्क्रीनमधला निरोप यूजरडिफॉल्ट्समध्ये लिहून पुढे वाचणं, या दोन्ही सवयी याच जातीच्या. यूजरडिफॉल्ट्स ग्राहकाच्या आवडीनिवडी जपायला आहे, स्क्रीनांमधली पोस्ट पेटी नव्हे.

८. वेळ चुकली की किंमत चुकते

ऑब्जेक्ट बरोबर, वाट बरोबर, परवानगी बरोबर, तरी निल? मग तू लवकर विचारलंस. मेनू सर्व्हरवरून येतो. मागणी पाठवणारी ओळ संपते आणि पुढची ओळ लगेच चालते; उत्तर मागाहून येतं. त्या पुढच्या ओळीत भाज्यांची यादी वाचलीस तर ती रिकामीच असणार. उत्तर आल्यावर चालणाऱ्या क्लोजरमध्ये वाच, नाहीतर असिंक-अवेट वापर म्हणजे ओळी लिहिल्या त्या क्रमाने चालतील.

तसंच, व्ह्यूडिडलोड एकदाच चालतं. मागे आल्यावर आकडा ताजा करायचा असेल तर व्ह्यूविलअपिअर लागतं. पण आयओएस १३पासून साधारण प्रेझेंट केलेला स्क्रीन कार्डासारखा अर्धवट वर चढतो, मागचा स्क्रीन जागेवरच राहतो. ते कार्ड खाली ओढून बंद केलं तर मागच्याचं व्ह्यूविलअपिअर चालतच नाही. यावर विसंबलेली ॲपं त्या वर्षी धडाधड बिघडली. म्हणून बदलाची बातमी बदलणाऱ्याने द्यावी. टोपलीत डिडसेट ठेव आणि तिथून कळव. डिडसेट इनिट चालू असताना चालत नाही, तेवढं लक्षात असू दे.

९. स्विफ्टयूआय आली तरी नियम तोच

२०१९ला स्विफ्टयूआय आली आणि पोरांना वाटलं आता सुटलो. सुटलात कुठले? तिथे मालकी उलट ठळक झाली. स्वतःचं लहानसहान: स्टेट. दुसऱ्याचं उसनं घेऊन बदलायचं: बाइंडिंग. ऑब्जेक्ट मी बनवला: स्टेटऑब्जेक्ट, आयओएस १४पासून. ऑब्जेक्ट दुसऱ्याने दिला: ऑब्झर्व्हडऑब्जेक्ट. व्ह्यूच्या आतच ऑब्जेक्ट बनवून त्याला ऑब्झर्व्हडऑब्जेक्ट लावलंस, तर वरचा व्ह्यू पुन्हा रंगताना तो नव्याने बनू शकतो आणि सहा पोळ्यांचं पुन्हा शून्य होतं. पहिल्या मंत्रातलाच कंस, कपडे बदलून आलेला.

खूप खोलवरच्या व्ह्यूला टोपली हवी असेल तर एन्व्हायर्नमेंटऑब्जेक्ट आहे. वरून द्यायला विसरलीस तर ॲप चालू असतानाच कोसळतं, कंपायलर आधी सांगत नाही. प्रिव्ह्यूमध्येही तो द्यावा लागतो. प्रिव्ह्यू मोडला की आधी तेच बघ. आयओएस १७पासून ऑब्झर्व्हेबल मॅक्रो आहे, त्यात शब्द कमी झाले: मालकाने स्टेट लावायचं, बाकीच्यांनी साधं घ्यायचं. मालक मात्र तुलाच ठरवावा लागतो.

१०. मॅक नाही म्हणून थांबू नकोस

हे तुझ्यासाठी नाही, तुझ्या मैत्रिणींसाठी. आयफोनचं ॲप बांधायला सहसा एक्सकोड लागतं आणि एक्सकोडला मॅक. आपल्याकडच्या घरांत तो खर्च लगेच होत नाही. पण क्लास, स्ट्रक्ट, वीक, प्रायव्हेट, स्टॅटिक, प्रोटोकॉल यांना मॅक लागत नाही. स्विफ्ट डिसेंबर २०१५मध्ये मुक्तस्रोत झाली तेव्हापासून लिनक्सवर चालते, २०२०च्या स्विफ्ट ५.३पासून विंडोजवरही अधिकृतपणे चालते. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर टोपली, मेनू, पत्ता हे तीन क्लास लिहा, स्क्रीनऐवजी प्रिंट वापरा. एकदा मुद्दाम जास्तीचा कंस लावा, एकदा वीक काढून टाका, एकदा क्लासचं स्ट्रक्ट करा आणि काय छापलं जातं ते बघा. वरचे पहिले सात मंत्र तेवढ्यात हाताला बसतात. मॅक आला की फक्त स्क्रीन शिकायचे राहतात.

आता शेवटचं. उद्या अडलीस तर सिनियरकडे ‘सर, व्हेरिएबल मिळत नाही’ असं म्हणत जाऊ नकोस. आधी कागदावर चौकोन काढ, प्रत्येक ऑब्जेक्टला एक. तो कोणी बनवला ते लिही, घट्ट धरणाऱ्याचा बाण सरळ रेघेने आणि वीक धरणाऱ्याचा तुटक रेघेने काढ. मग विचार. बहुतेक वेळा कागद पुरा होईपर्यंत उत्तर सापडलेलं असेल, आणि नसेल सापडलं तर सिनियरला तो कागद बघून दोन मिनिटांत सांगता येईल. जिथे मालकाचं नाव लिहिता येत नाही, तिथेच बग आहे.